उथळ पाण्याची राखण कोणी करायची?

गाइडला सोबत घेऊन गुडघाभर समुद्रात मासे पकडायला जायचे आणि पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा, हा व्यवसाय फ्लॉरिडा, बहामा आणि बेलीझच्या किनाऱ्यांवर चांगलाच रुजला आहे. त्याच्याविषयी चालणारा वाद ऐकताना मला नेहमी वाटते की दोन्ही बाजूंनी सोपे भांडण निवडले आहे आणि अवघड प्रश्नाला बगल दिली आहे. एक बाजू म्हणते की खायचाच नसलेला मासा गळाला लावून दमवायचा, त्याच्यासह छायाचित्र काढायचे आणि उपकार केल्यासारखे त्याला सोडायचे, याला संवर्धन म्हणणे हे ढोंग आहे. दुसरी बाजू म्हणते की सोडलेला मासा जगतो, सहलींमुळे गावात पैसा येतो, मग कोणाच्या पोटात दुखायचे कारण काय? माझे मत या दोन्हींहून वेगळे आहे. या सहली बंद होऊ नयेत, परंतु त्या गाइडच्या आणि गिऱ्हाइकाच्या चांगुलपणावर सोडूनही देऊ नयेत. उथळ पाणी आहे तसे राहिले तरच ज्याची चूल पेटते, असा माणूस त्या किनाऱ्यांवर जवळजवळ हा एकच उरला आहे; त्याला टिकवावे, आणि त्या पाण्याची राखण कायद्याने त्याच्या गळ्यात बांधावी.

ज्यांनी हे पाणी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. फ्लॅट्स म्हणजे किनाऱ्यालगतचा सपाट, उथळ समुद्रतळ. कुठे तो पांढऱ्या चिखलाचा असतो, कुठे सागरी गवताचा, आणि कडेला कांदळवन असते. भरतीबरोबर मासे खोल पाण्यातून इथे चरायला येतात आणि ओहोटीबरोबर परत जातात. फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाच्या कीज या बेटांत अशा एका होडीत मी एकदा सकाळभर बसलो आहे. गाइडने इंजिन वर उचलून घेतले, मागच्या उंच चौथऱ्यावर चढून लांब काठीने तो होडी रेटू लागला, आणि पुढचा तासभर काठी चिखलात रुतल्याचा व निघाल्याचा आवाज सोडला तर बोलणेही कुजबुजीतच चालले. मग त्याने घड्याळाच्या काट्याच्या भाषेत दिशा सांगितली. मला आधी काहीच दिसले नाही. नंतर पाण्याबाहेर आलेले चांदीच्या पत्र्यासारखे शेपटीचे टोक दिसले. खाली डोके घालून चिखल उकरणारा तो बोनफिश होता. सोबत्याने तो पकडला तेव्हा गाइडने आधी आपले हात ओले केले, मासा पाण्यातच धरला, आणि चाळीसेक हातांवर मुशीचा पर दिसताच काठी पाण्यावर आपटून तिला पिटाळले. मगच त्याने मूठ सैल केली. छायाचित्र निघाले नाही. त्या दिवशी माझ्या लक्षात आले की या सहलीत निर्णय घेणारा माणूस एकच असतो, आणि मासा जगणार की मरणार हे त्याच्या हातांच्या सवयीवर ठरते.

क्रूरतेच्या आक्षेपाला मी सर्वांत आधी घेतो, कारण तो सर्वांत वजनदार आहे आणि त्याला सर्वांत उथळ उत्तरे दिली जातात. माशाला वेदना होत नाहीत असे म्हणून विषय झटकून टाकणे आता शक्य नाही. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजेची जाणीव टिपणारे मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले. त्या जाणिवेला माणसाच्या अर्थाने वेदना म्हणायचे की नाही यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत, पण संशयाचा फायदा द्यायचाच असेल तर तो गळ धरणाऱ्याला का, गळाला लागलेल्याला का नाही? जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यानुसार वाजवी कारण असल्याखेरीज प्राण्याला इजा करता येत नाही, आणि म्हणून निव्वळ सोडून देण्यासाठी मासा पकडणे तिथे बेकायदा मानले जाते. स्वित्झर्लंडमध्येही सोडण्याच्याच हेतूने मासे पकडायला मनाई आहे. या देशांना वेड्यात काढणाऱ्यांनी त्यांचा युक्तिवाद नीट वाचलेला नसतो. ज्याला भूक आहे त्याच्या गळामागे कारण आहे, आणि ज्याला केवळ झटापटीचा आनंद हवा आहे त्याने आपले कारण सिद्ध केले पाहिजे, एवढेच ते म्हणतात. हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

मग वाजवी कारण कोणते? पुष्कळ जण इथे पैशाकडे वळतात. बहामात या मासेमारीमुळे वर्षाला सुमारे १४ कोटी १० लाख डॉलरची उलाढाल होते, असा अंदाज काही वर्षांपूर्वी मांडला गेला होता, आणि तेव्हापासून तो आकडा ढालीसारखा वापरला जातो. मला ही ढाल कुचकामी वाटते. उथळ पाण्याची किंमत जर त्यातून मिळणाऱ्या डॉलरांइतकीच असेल, तर उद्या कोणी त्याहून मोठी बोली लावली की ते पाणी त्याचे झाले. की वेस्ट या गावाचा अनुभव ताजा आहे. प्रचंड प्रवासी जहाजे खाडीतून जाताना तळाचा गाळ ढवळतात, ही तक्रार तिथले गाइड सतत करत होते. नोव्हेंबर २०२० मध्ये गावाने मतदान करून मोठ्या जहाजांवर मर्यादा घातली, आणि पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून गावाचा तो निर्णय रद्द ठरवला. पैशाच्या तागडीत जहाज जड भरणार हे उघड होते. ज्याने आपली बाजू पैशावर उभी केली, त्याला त्याच तागडीत हरल्यावर तक्रार करायला तोंड उरत नाही.

वाजवी कारण मला दुसरीकडे दिसते. फ्लॉरिडा उपसागराला गेल्या शतकात गळाने मारलेले नाही. ओकीचोबी सरोवराचे गोडे पाणी पूर्वी दक्षिणेकडे पसरत पसरत एव्हरग्लेड्सच्या गवताळ दलदलीतून या उपसागरात उतरत असे. बांध, कालवे आणि रस्ते झाले, ते पाणी पूर्वेला व पश्चिमेला समुद्रात वळवले गेले, आणि उपसागर कोरड्या वर्षांत अति खारट होऊ लागला. १९८७ साली तिथले सागरी गवत मोठ्या प्रमाणावर मेले; २०१५ साली पुन्हा मेले, आणि या खेपेस सुमारे ४०,००० एकरांवर त्याचा फटका बसला. गवत गेले की कोळंबी जाते, खेकडे जातात, त्यांच्यामागे येणारे मासे येईनासे होतात. हे सारे पाण्याखाली घडते. महामार्गावरून जाणाऱ्याला पाणी तसेच निळे दिसते. मग ते मेल्याचे कळते कोणाला? ज्याचं जळतं त्याला कळतं, ही आपली म्हण इथे अक्षरशः लागू पडते. वर्षातले शेकडो दिवस त्याच तळावरून काठी रेटणाऱ्याच्या पायाखालचे गवत विरळ झाले तर त्याला ते शास्त्रज्ञाच्या अहवालाआधी समजते.

ही नुसती भावना नाही. कीजमधले बोनफिश कमी होत चालल्याची हाकाटी प्रथम गाइडांनी घातली. पुढे संशोधकांनी या घसरणीचा इतिहास जुळवताना अनुभवी गाइडांच्या आठवणीच आधार म्हणून वापरल्या. दक्षिण फ्लॉरिडातल्या ९३ बोनफिशांची तपासणी झाली तेव्हा एका माशात सरासरी सात औषधांचे अंश सापडले, एकात तर सतरा. हे अंश सांडपाण्यातून येतात. २०२३ च्या शरद ऋतूत लोअर कीजमधले मासे स्वतःभोवती गरगर फिरत तळाला आदळू लागले आणि २०२४ च्या सुरुवातीला दातेरी लांब सोंडेचे, अगोदरच नामशेष होण्याच्या वाटेवर असलेले सॉफिश मरू लागले, तेव्हाही पाण्यावर रोज असणाऱ्यांनीच संशोधकांना प्रथम सावध केले. तळावरच्या शेवाळाच्या विषारी द्रव्यांकडे बोट गेले ते त्यानंतर. त्या पाण्यावर कोणीच जात नसते, तर हे मासे कोणाच्याही नोंदीत न येता मेले असते. गळाला लागलेल्या एका माशाच्या त्रासाच्या पलीकडे, तो मासा ज्यात जगतो त्या पाण्याला साक्षीदार मिळतो, हे मी वाजवी कारण मानतो. मात्र हे कारण साक्षीदाराने खरोखर साक्ष दिली तरच टिकते, आणि इथेच घोडे पेंड खाते.

कारण दुसरा आक्षेप असा आहे की कुंपणच शेत खाते. तो खोटा नाही. उथळ पाण्यात इंजिन चालवले की पंखा गवताची मुळे उखडत जातो आणि मागे पांढरा चर उरतो. टर्टल ग्रास नावाच्या सागरी गवताने असा चर भरून काढायला कित्येक वर्षे लागतात, आणि तोवर भरतीचे पाणी त्याच चरातून वाहून तो रुंदावत नेते. फ्लॉरिडात १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत किमान १,७३,००० एकर गवतावर असे व्रण आढळले होते. सगळे व्रण काही गाइडांनी पाडलेले नाहीत. किनारा न ओळखणाऱ्या भाड्याच्या आणि हौशी होड्यांचा त्यात मोठा वाटा आहे. तरीही चांगल्या जागेवर दुसऱ्याआधी पोचायच्या घाईत आडवाटेने इंजिन दामटणारे गाइड आहेत, आणि गिऱ्हाईक खूश राहावे म्हणून थकलेला मासा मिनिटभर हवेत धरू देणारेही आहेत. बहामातल्या एल्युथेरा बेटावरच्या प्रयोगांतून हे स्पष्ट झाले आहे की ज्या बोनफिशचा सोडताना तोल गेलेला असतो त्याला मुशी आणि बाराकुडा हे शिकारी मासे गाठण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. हवेत जितका जास्त वेळ, तितका तोल जाण्याचा धोका अधिक. म्हणजे सोडलेला मासा जगतो हे विधान अर्धवट आहे. तो नीट हाताळला तर बहुधा जगतो. छायाचित्रात हसणाऱ्या माणसाच्या हातातला मासा पुढच्या अर्ध्या तासात मेला की नाही, हे छायाचित्र सांगत नाही.

असे असताना गाइडांच्या आत्मशिस्तीवर विसंबावे का? याच किनाऱ्याचा इतिहास याचे उत्तर देतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बगळ्यांची पिसे बायकांच्या टोप्यांवर मिरवण्याची फॅशन आली आणि दक्षिण फ्लॉरिडातल्या बगळ्यांच्या वसाहती बंदुकीने ओस पडल्या. गाय ब्रॅडली हा तिथलाच तरुण. लहानपणी तो पिसांसाठी शिकार करणाऱ्यांना वाट दाखवत असे, स्वतःही पक्षी मारत असे. १९०२ साली तो त्याच पक्ष्यांचा रखवालदार झाला, आणि जुलै १९०५ मध्ये फ्लेमिंगो वस्तीजवळ पक्षी मारणाऱ्यांना अडवायला गेला असता गोळी लागून मेला. ज्याला वसाहती कुठे आहेत हे ठाऊक होते तोच त्यांचा उत्तम रक्षक ठरला, ही या कहाणीची एक बाजू. दुसरी बाजू कमी सांगितली जाते. त्याच्या हौतात्म्याने शिकार थांबली नाही. न्यूयॉर्क राज्याने १९१० साली पिसांच्या विक्रीवर बंदी घातली आणि १९१३ साली आयातही बंद झाली, तेव्हा तो धंदा बसला. जाणकार माणूस आणि त्याच्या पाठीशी उभा असलेला कायदा, दोन्ही लागले. एकट्या माणसाचा बळी गेला होता.

मासेमारीतही जिथे नियम झाले तिथे फरक पडला आहे. एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानातून व्यापारी मासेमारी १९८५ च्या अखेरीस बंद झाली, पण गाइडांना परवाने मिळत राहिले आणि पकडीच्या नोंदी देण्याचे बंधनही राहिले. आज त्या नोंदी उपसागराची दशकानुदशकांची स्मृती झाल्या आहेत. त्याच उद्यानात स्नेक बाइट नावाच्या भागात २०११ पासून ९,४०० एकरांवर इंजिन चालवता येत नाही; काठीने किंवा विजेच्या छोट्या मोटरीनेच होडी न्यावी लागते. फ्लॉरिडाने २०१३ साली बोनफिश घरी नेण्यावर बंदी घातली आणि चाळीस इंचांहून लांब टार्पन या माशाला पाण्याबाहेर काढणे निषिद्ध केले. टार्पन पन्नास वर्षांहून जास्त जगू शकतो. आपल्या आईच्या वयाच्या जिवाला केवळ छायाचित्रासाठी होडीच्या काठावरून ओढून घेऊ नये, एवढे समजायला कायदा लागावा हे दुर्दैव खरे, पण तो लागला आणि तो केला गेला हे बरे झाले. की वेस्टजवळच्या वेस्टर्न ड्राय रॉक्स या प्रवाळी भागात परमिट नावाचे मासे अंडी घालायला जमतात. तिथे २०२१ पासून एप्रिल ते जुलै मासेमारी बंद असते. हा निर्णय व्हावा म्हणून पुढे आलेल्यांत याच परमिट माशावर पोट भरणारे गाइडच होते, हे मला फार मोलाचे वाटते. चार महिने एक उत्तम जागा आपल्या हातून जाईल हे ठाऊक असूनही त्यांनी ती मागणी केली.

आता तिसरा आक्षेप, ज्याने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले आहे. दिवसाच्या सहलीला शेकडो डॉलर मोजणाऱ्या पाहुण्यांसाठी पाणी राखायचे आणि जाळे टाकून पोट भरणाऱ्याला हाकलायचे, याला संवर्धन म्हणायचे का? १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये फ्लॉरिडाच्या सुमारे ७२ टक्के मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून किनाऱ्याजवळच्या मोठ्या जाळ्यांवर बंदी घातली, आणि जुलै १९९५ पासून पिढ्यान्‌पिढ्या जाळ्यावर जगलेल्या कुटुंबांचा व्यवसाय संपला. माशांच्या साठ्यांना त्याचा लाभ झाला असे मानणारे पुष्कळ आहेत. पण मतपेटीतून एका वर्गाने दुसऱ्या वर्गाची उपजीविका काढून घेतली, हे त्या लाभाने पुसले जात नाही. त्या प्रचारात हौशी मासेमार निष्पाप आणि जाळेवाला गुन्हेगार असे जे चित्र रंगवले गेले, त्याचा हिशेब आजच्या गाइडांच्या समर्थकांनी मोकळ्या मनाने दिला पाहिजे. बेलीझने २००९ साली बोनफिश, परमिट आणि टार्पन हे तिन्ही मासे केवळ पकडून सोडण्यापुरते राखून ठेवले, तेव्हा ते तिथल्या माणसाच्या ताटातूनही गेले.

याला माझे उत्तर एवढेच आहे की पाणी कोणासाठी राखले जाते हे त्यातला रोजगार कोणाच्या हाती जातो यावर ठरते. बहामाने २०१७ च्या नियमांत परदेशी हौशी मासेमारांना परवाना सक्तीचा केला आणि होडीतून दोन वा अधिक जण फ्लॅट्सवर मासेमारी करणार असतील तर गाइड घेणे बंधनकारक केले. स्वतःच्या बळावर हिंडणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी मसुद्यापासूनच त्यावर मोठा गिल्ला केला होता. पाणी सर्वांचे आहे, मग आम्हाला माणूस का लादता, असे त्यांचे म्हणणे होते. मला त्यात गाइडांच्या मक्तेदारीचा धोका दिसतो हे मान्य करूनही मी नियमाच्या बाजूचा आहे. आपल्या बेटाचा चिखल, भरती आणि मासा जाणणाऱ्या माणसाला त्या ज्ञानाचे दाम मिळावेत, आणि पाहुण्याने त्याच्या नजरेखाली तिथे यावे, यात अन्याय तो कोणता? अन्याय तेव्हा होईल जेव्हा परवाने बाहेरच्या मालकांच्या आलिशान निवासांकडे जमा होतील आणि बेटावरचा माणूस पगारी काठीवाला होऊन राहील. तिथे मी टीकाकारांच्या बाजूला उभा राहीन.

म्हणून बंदी की मोकळीक या भांडणापेक्षा गाइडच्या परवान्यात काय लिहिलेले असावे, यावर वाद झाला पाहिजे. आज अमेरिकेत पैसे घेऊन माणसे नेणाऱ्याला तटरक्षक दलाचा परवाना लागतो. त्यात नौकानयनाचे नियम येतात, प्रवाशांची सुरक्षितता येते. मासा कसा धरावा, किती वेळ धरावा, गवतावरून होडी कशी न्यावी, यातले काही येत नाही. होडीतल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी जशी परवान्याने बांधली आहे तशी पाण्यातल्या जिवाची का बांधू नये? मासे हाताळण्याचे प्रशिक्षण, उथळ भागात इंजिन उचलण्याची सक्ती, पकडीची आणि मेलेल्या गवताची नियमित नोंद, आणि नियम मोडला तर गिऱ्हाइकाबरोबरच गाइडवरही कारवाई, एवढे तरी त्यात हवे. मुशी घिरट्या घालू लागल्या की त्या जागेवरची मासेमारी थांबवून होडी हलवण्याचा दंडकही हवा. आणि एका जलक्षेत्रात किती गाइड हे ठरवण्याचा अधिकार स्थानिक यंत्रणेला मिळाला पाहिजे, कारण शिस्तीने चालणाऱ्या पन्नास होड्याही एकाच उथळीवर रोज आल्या तर मासा ती जागा सोडतो.

एक गोष्ट सर्वांत तातडीची आहे. हिवाळ्याच्या महिन्यांत पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास बोनफिश हजारोंच्या संख्येने फ्लॅट्सच्या कडेला, खोल पाण्याच्या तोंडाशी जमतात. पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात, आणि रात्री अंधारात खोल समुद्रात उतरून अंडी सोडतात. त्यांची काचेसारखी पारदर्शक पिल्ले ४१ ते ७१ दिवस प्रवाहाबरोबर वाहत कुठल्या तरी दुसऱ्या किनाऱ्याला लागतात. म्हणजे एका बेटाजवळ जमलेल्या थव्यावर दुसऱ्या बेटाचे उद्याचे मासे अवलंबून असतात. या थव्यांच्या जागा कुठे आहेत हे बहामातल्या जुन्या गाइडांना ठाऊक होते. त्यांनी पकडलेल्या माशांना खुणेच्या पट्ट्या लावून सोडले, त्यांच्या पुन्हा सापडण्याच्या नोंदी ठेवल्या, आणि त्या माहितीच्या आधारे २०१५ साली अबाको बेटावर क्रॉस हार्बरसारख्या जागांना राष्ट्रीय उद्यानांचे संरक्षण मिळाले. इतर बेटांवर अशा कितीतरी जागा अजून नकाशावर नाहीत. त्या ज्यांना माहीत आहेत ती माणसे म्हातारी होत चालली आहेत. त्यांना बंदी घालून किनाऱ्यावर बसवायचे, की त्यांच्याच होडीत बसून त्या जागांची नोंद करून घ्यायची, हे त्या सरकारांनी येत्या हिवाळ्यापूर्वी ठरवावे.